उशीर झालेला आहे, फेरी रद्द नाही

मा. करीमुद्दीन सय्यद साहेबांची आणि माझी पहिली भेट मंठ्याच्या बसस्टँडवर झाली, आणि ती मी पळून चालले असताना झाली. पळून म्हणजे कोणाबरोबर नाही, एकटीच. बारावीची सहामाही परीक्षा होती, इतिहासाचा पेपर होता, आणि शाळेकडं निघालेले पाय मधूनच स्टँडकडं वळले. वय सतरा. पाठीवर दप्तर, हातात पॅड. चौकशीच्या खिडकीशी जाऊन मी विचारलं, "पहिली गाडी कुठली निघणार?"

आत बसलेल्या साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "कुठं जायचं बेटा?"

"जी पहिली निघंल तिनं."

दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं, नाहीतर शाळेत फोन केला असता. साहेबांनी समोरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "परतूर. सात मिनिटांनी. फलाट दोन. आणि परतूरहून इकडं यायची आखरी गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी. हे आधी ध्यानात ठेव, मंग बस."

"यायचं मी विचारलंच न्हाई."

"कोणीच विचारत न्हाई. जायचं सगळे विचारतात. म्हणून यायचं मी बिनविचारता सांगतो."

मी परतूरला गेले. रेल्वे स्टेशनवर दोन मालगाड्या बघितल्या, पेरू खाल्ले, एका बाईंचं रडणारं लेकरू तासभर खेळवलं, आणि सहा दहाच्या गाडीनं परत आले. खिडकीत साहेबच होते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, "बराबर," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडं वळले. इतिहासात मी नापास झाले ते वेगळं. पण कुठंतरी जाऊन ठरल्या वेळेला परत येणं हीसुद्धा करून दाखवायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

साहेबांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात प्राध्यापक लिहिणार आहेत, डॉक्टर लिहिणार आहेत. त्यांच्या रांगेत माझ्यासारख्या बारावी अर्धवट सोडलेल्या, एका गावात चार महिने न टिकलेल्या मुलीनं लिहावं हा आग्रह खुद्द साहेबांचा होता, असं समितीनं मला सांगितलं. म्हणून लिहिते. लिहिताना मी इकडंतिकडं जाईन, ती खोड आहेच. पण शेवटच्या गाडीला परत येईन.

साहेब वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवायच्या, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून पुकारायचं, आणि दिवसभर एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं: गाडी कधी येणार? आपल्याकडं याचं उत्तर ठरलेलं आहे, 'येईल आत्ता'. साहेबांनी उभ्या नोकरीत हा शब्द खिडकीच्या बाहेर जाऊ दिला नाही. एकदा माझ्यासमोर तीर्थपुरीचे एक म्हातारे बाबा आले. हातात पिशवी, तोंड सुकलेलं.

"तीर्थपुरीची येती का आत्ता?"

"बाबा, गाडी मागच्या स्टँडवरून निघाली. एका तासात इथं लागंल. तवर जेवून घ्या."

बाजूला एक कंडक्टर चहा पीत उभे होते. ते म्हणाले, "काय साहेब, आत्ता येती म्हणावं, माणूस गप बसून ऱ्हातो. तुम्ही पाशिंजर पळवून राह्यले. उद्या काळी-पिवळी जीपवाले तुम्हाला हार घालतील."

"घालू द्या. बाबांच्या पोटात चार घास तर जातील."

बाबा जेवून आले. गाडी एक तास पाच मिनिटांनी लागली. साहेब खिडकी सोडून बाहेर आले, बाबांची पिशवी वर चढवून दिली आणि म्हणाले, "बाबा, पाच मिनिटं माझी चुकली."

बाबांनी त्यांच्याकडं जरा संशयानंच पाहिलं. "मला कुठं घड्याळ हाय," ते म्हणाले. आयुष्यात कोणी त्यांना पाच मिनिटांचा हिशेब दिला नसावा.

याच सवयीतून साहेबांचा इंग्रजीचा वर्ग उभा राहिला. नोकरीवरून घरी आले की संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही जमायचो. कोणी जालन्याच्या कारखान्यात शिफ्टवर लागायच्या खटपटीत, कोणी नर्सिंगला जाणारी, कोणी ट्रकवर ड्रायव्हर, आणि मी, जिला कुठंच जायचं नव्हतं पण कुठंतरी जायचंच होतं. फी म्हणून ज्यानं त्यानं आपला खडू आणायचा. साहेबांचं इंग्रजी काही पुस्तकी नव्हतं. वरून येणारी परिपत्रकं वाचून वाचून ते त्यांनी स्वतः कमावलं होतं. पहिल्याच दिवशी ते सांगायचे, "पहिला महिना फक्त टाइमाचे शब्द. बाकीचं इंग्रजी मंग. मोठ्या इंग्रजीनं कोणाचं अडत न्हाई. मानूस अडकतो ते या बारीक शब्दांत."

मंग वेळापत्रक मांडून शिकवणं सुरू. 'ॲट फाइव्ह' म्हणजे गाडी पाचला फलाट सोडणार. 'बाय फाइव्ह' म्हणजे पाचच्या आत कधीही या, पण पाच ही हद्द. 'टिल फाइव्ह' म्हणजे तिकिटाची खिडकी पाचपर्यंत सलग उघडी. 'फॉर' म्हणजे प्रवास किती लांबीचा, 'सिन्स' म्हणजे कुठल्या थांब्यापासून बसलात ते. 'अगो' म्हणजे मागच्या काचेतून दिसणारा रस्ता. 'इन टेन मिनिट्स' म्हणजे दहा मिनिटांनी, आणि 'विदिन' म्हणजे दहा संपायच्या आत. 'फोर्टनाइट' हा आपला पंधरवडाच, फक्त ते लोक रात्री मोजतात, त्याही चौदा. दुपारच्या बारापुढं ए.एम., पी.एम. काही लिहू नका, सरळ 'नून' लिहा, कोणाचा घोळ होत नाही. 'बायवीकली' या शब्दाला तर हातच लावायचा नाही. "आठवड्यातून दोनदा का दोन आठवड्यांतून एकदा, यावर खुद्द इंग्रजांचं एकमत न्हाई. आपण कशाला मधी पडायचं?"

आणि 'सून' आला की साहेब खडू खाली ठेवायचे. "म्हंजे लवकरच. ही गाडी माझ्या वेळापत्रकात न्हाई."

आमच्यातल्या एक ताई आज मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. औषध किती दिवसांसाठी आणि कुठल्या दिवसापर्यंत, हे चिठ्ठीवर वाचताना आजही डोळ्यापुढं मंठ्याची तिकीट-खिडकी उघडी दिसते, असं त्या सांगतात. आमचा अमजद दूरच्या राज्यांत ट्रक घेऊन जातो. माल कधीच्या आत पोचवायचा याचा कागद तो स्वतः वाचतो आणि दुसऱ्या चार ड्रायव्हरांना वाचून दाखवतो. या मंडळींचा मला फार अभिमान वाटतो, आणि त्यांच्यापेक्षा साहेबांचा जास्त, कारण यातलं काहीही ते स्वतःहून कोणाला सांगत नाहीत.

इंग्रजी शिकवतात म्हणून साहेबांना आपली भाषा कमी वाटते असं मात्र कोणी समजू नये. एकदा ओसरीवर एक सुशिक्षित पाहुणे बसले होते. ते म्हणाले, "आपल्या भाषेत वेळेला किंमतच नाही हो." साहेब शांतपणे म्हणाले, "'परवा'ला इंग्रजीत एक शब्द सांगा." पाहुणे डोकं खाजवू लागले. "ऱ्हाऊ द्या. झुंजूमुंजू सांगा. दिवेलागण सांगा. कडूसं पडलं हे सांगा." पाहुण्यांनी चहाचा कप उचलला. मंग साहेब म्हणाले, "आमच्या अम्मी गेलेल्या दिवसाला बी 'कल' म्हणायच्या आणि येणाऱ्या दिवसाला बी 'कल'. पण त्यांची भाकर कधी उशिरा झाली न्हाई. शब्दात खोट नसते साहेब. बोलणाऱ्यानं पाळलं म्हंजे झालं."

आता फळ्याविषयी सांगते. स्टँडवर लाल अक्षरं पळणारा विजेचा बोर्ड आला तेव्हा जुना लाकडी फळा अडगळीत चालला होता. साहेबांनी रीतसर विचारून तो घरी आणला आणि ओसरीच्या भिंतीवर लावला. त्यावर वर पांढऱ्या रंगात अजून लिहिलेलं आहे: गाडी, कुठे, वेळ. वर्गातून कोणीही कुठंही निघाला, पाणी प्यायला असो की परमुलखात, की त्यानं फळ्यावर स्वतःच्या हातानं तीन गोष्टी लिहायच्या. नाव, ठिकाण, आणि परत कधी येणार ते, तिन्ही इंग्रजीतून. 'सून' आणि 'सम डे' चालत नव्हतं. आणि जो लिहील त्यानंच परत येऊन ओळ पुसायची. बाजूला खिळ्याला ओलं फडकं टांगलेलं असे. दुसऱ्याची ओळ पुसायची नाही, हा त्या घराचा कायदा.

वेळ उलटली की साहेब ओळीखाली 'लेट बाय' लिहून किती ते मांडायचे. एकदा हाच अमजद 'बॅक इन ट्वेंटी मिनिट्स' लिहून दाढी करायला गेला आणि पन्नास मिनिटांनी आला.

"साहेब, सलूनमधी गर्दी होती."

"गर्दी धरून लिहायचं बेटा. मी काय रस्ता मोकळा धरून गाडी पुकारतो का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "एकच गाल करून यायचं ना मंग."

'लेट' लिहिण्यात साहेबांचा राग नसे. त्यांचं साधं गणित होतं. गाडी रद्द झाली की तसा निरोप येतो. निरोप आला नाही, तोवर गाडी लेट आहे. आणि लेट गाडीचा फलाट मोकळा ठेवावा लागतो.

हा हिशेब माझ्या वाट्याला कसा आला ते आता लिहिणं भाग आहे. विसाव्या वर्षी मी मिक्सर दाखवत गावोगाव फिरणाऱ्या एका गाडीवर कामाला लागले. निघताना फळ्यावर लिहिलं: शीतल, टूर, बॅक इन टू मन्थ्स. घरी फक्त आई. वडील मी लहान असतानाच गेले. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिला मी दारातून ओरडून सांगितलं, "दोन महिन्यांत आले गं," आणि निघाले.

दोन महिन्यांत ती गाडी बंद पडली. मी दुसरं काम धरलं, तेही सोडलं. कुठं लग्नाच्या मांडवात फुलं लावली, कुठं द्राक्षं निवडली, कुठं नुसतीच फिरले. फोन होता. आईचा नंबर पाठ होता. सुरुवातीला दोनदा लावला, मग नाही; माझा नंबर बदलला तोही कळवला नाही. खोटं कशाला लिहू, कारण काही मोठं नव्हतं. एक आठवडा उशीर झाला तेव्हा काय सांगावं कळेना, आणि जसजसा उशीर वाढत गेला तसतसं सांगणं अवघड होत गेलं. इकडं आई मात्र दर बाजारच्या दिवशी साहेबांच्या ओसरीवर जायची. हे सगळं मला नंतर कळलं, काही आईकडून, काही साहेबांच्या सूनबाई शबाना भाभींकडून.

आई विचारायची, "साहेब, काय लिव्हलंय तिनं?"

"दोन महिन्यांत येते, असं लिहिलंय."

"दोन महिने तर कवाच झाले की."

"झाले, ताई. त्याच्याखाली मी लिहिलंय, तीन महिने लेट. निरोप न्हाई आला, म्हंजे रद्द न्हाई."

साहेबांनी आईला धीर देण्यासाठी एक शब्दही वाढवून सांगितला नाही. येईल आत्ता, असं म्हणाले नाहीत. दर महिन्याला आकडा बदलला आणि खरा तोच वाचून दाखवला. आई म्हणते, त्याचाच आधार वाटायचा. गल्लीतले बाकीचे सगळे 'येईल गं' म्हणत होते आणि पाठ फिरली की वेगळंच बोलत होते.

एकदा साहेब म्हणाले, "ताई, कधी मी ड्युटीवर असलो तर तुम्हाला कोण वाचून दाखवील? तुम्हीच शिका." आणि ज्या बाईला मराठी सहीपुरतंच येत होतं, तिला त्यांनी इंग्रजीतून माझं नाव, 'टूर', 'बॅक', 'इन', 'मन्थ्स', 'लेट', 'बाय' आणि आकड्यांचे शब्द शिकवले. दर बाजाराला एक शब्द. भाजीची पिशवी मांडीवर ठेवून आई अक्षरं लावायची.

मंग ती ईद आली. घराला रंग द्यायचं काम निघालं. रंगाऱ्यांनी फळा उतरवून अंगणात ठेवला. शबाना भाभी सकाळपासून दहा कामांत होत्या. त्यांनी फळा धुतला, स्वच्छ पुसला आणि वाळला तसा परत लावून ठेवला. वर्ग सुट्टीवर होता, दुसऱ्या कोणाची ओळ त्यावर नव्हती. होती ती माझी एकटीची. ती गेली. मंग घरची सगळी मंडळी नातेवाइकांकडं गेली.

त्याच दिवशी आई आली. ओसरीवर कोणी नाही. फळा कोरा.

गावातल्या दुसऱ्या कोणाला कोरा फळा पाहून काहीही समजलं नसतं. आईला कायदा माहीत होता. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. ओळ पुसली, म्हणजे शीतल आली. आई तिथून पळत घरी गेली. मी घरात नाही हे पाहून तिला वाटलं, पोरगी लाजून कुठंतरी मैत्रिणीकडं थांबली असंल. तिनं पुरण घातलं. गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, "माझी आली." आणि नवं लुगडं नेसून दारात बसली.

साहेब संध्याकाळी घरी आले, त्यांनी फळा पाहिला आणि भाभींना विचारलं. भाभींचा चेहराच उतरला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी चप्पल घातली. गुडघ्याचं दुखणं तेव्हाही होतंच. तरी चालत आमच्या गल्लीत आले. आई दारातच होती. गल्लीतल्या चार बायाही होत्या.

आई म्हणाली, "या साहेब. पुरणपोळी खाऊन जा. आली की हो ती. भेटली का तुम्हाला?"

साहेबांनी ते उभ्यानंच सांगितलं. "ताई, शीतल आली न्हाई. फळा आमच्या घरी रंग देताना पुसला गेला. चूक माझ्या घरची हाय. एकोणीस महिने लेट होती, अजून बी तेवढीच लेट हाय."

बाया एकेक करून निघून गेल्या. मंग साहेब उंबऱ्याशी बसले आणि त्यांनी आईला एक गोष्ट सांगितली, जी आम्हा विद्यार्थ्यांना इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्यांचं गाव धावडा. शिकायला ते बाहेरगावी असत. एकदा त्यांनी घरी पत्र टाकलं, 'सुट्टीला जल्दी येतो.' पत्र पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अम्मी रोज फाट्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. प्रत्येक गाडी बघायच्या आणि परत जायच्या. "अकरा दिवस, ताई. मी उतरलो तवा त्यांच्या पायाला फोड आल्ते. मी तवापासून 'जल्दी' लिहिलं न्हाई. कोणाला उगंच उभं करायचं न्हाई म्हणून नोकरीभर जपलं, आणि आज तुम्हाला मीच नवं लुगडं नेसून दारात बसवलं."

आईनं त्यांना पोळी वाढली. म्हणाली, "खा साहेब. केलीच हाय तर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी ओळ पुन्हा लिहिली, खाली 'लेट बाय नाइनटीन मन्थ्स' लिहिलं, आणि ते फोन घेऊन बसले. तीस वर्षांत गावोगावच्या स्टँडवरचे नियंत्रक त्यांच्या ओळखीचे झाले होते. एकेकाला त्यांनी तोच मजकूर सांगितला आणि विनंती केली की दर बाजारच्या दिवशी गर्दी बघून एकदा पुकारा, आणि दर महिन्याला आकडा एकनं वाढवा. "पोरगी घरात बसणारी न्हाई," ते म्हणाले असं भाभी सांगतात, "कुठल्या ना कुठल्या स्टँडवर असणारच."

दोन महिन्यांनी मी सोलापूरच्या स्टँडवर भेळ खात उभी होते. हैदराबादची गाडी लागलेली होती, तिच्यात चढायचं होतं. हैदराबादला काय काम होतं ते आता आठवतसुद्धा नाही. वर भोंगा खरखरला.

"मंठा येथील शीतल कमल खरात यांनी लक्ष द्यावे. आपल्याला एकवीस महिने उशीर झालेला आहे. आपली फेरी रद्द केलेली नाही. आपल्या आई घरी वाट पाहत आहेत."

स्टँडवर हसू पसरलं. माझ्या शेजारच्या बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत म्हणाल्या, "कोण म्हनायची ही भवानी? एकवीस महिने. आमची गाडी अर्धा तास लेट झाली तर आमी बोंबलतो."

मी त्यांना म्हणाले, "मीच ती."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग इथं भेळ खात काय हुबी राह्यली? जा की."

हैदराबादची गाडी माझ्यासमोरून निघून गेली. मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले. पुकारलेल्या त्या शब्दांत रागाचा एक शब्द नव्हता. 'फेरी रद्द केलेली नाही' हे वाक्य मी रस्ताभर मनात म्हणत होते. माझा फलाट कोणीतरी मोकळा ठेवलेला होता.

मंठ्याला उतरले, पण आधी घरी जायची हिंमत झाली नाही, ओसरीवर गेले. साहेब खुर्चीत पेपर वाचत होते. "आलीस," म्हणाले. "चहा घेशील?" मी खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि फळ्याकडं वळले.

"थांब," साहेब म्हणाले. "आज बाजार हाय. ताई येतील. त्यांनी वाचल्याबिगर पुसायचं न्हाई."

आई आली. मला पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. जवळ आली नाही. आधी फळ्यापाशी गेली. बोट खाली धरून तिनं सगळी ओळ मोठ्यानं वाचली, इंग्रजीतून, एक अक्षर न चुकता. शीतल. टूर. बॅक इन टू मन्थ्स. लेट बाय ट्वेंटी वन मन्थ्स. मंग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुझं दोन महिन्यांचं इंग्रजी शिकायला मला दोन वर्षं लागली. पूस आता."

मी पुसलं. पुसताना मला नीट दिसत नव्हतं. साहेब पेपर तोंडापुढं धरून बसले होते, तो त्यांनी बराच वेळ पान न उलटता धरला होता.

त्यानंतर मी सुधारले, एका जागी बसले, असं लिहिलं तर साहेबच हा लेख परत पाठवतील. मी अजूनही फिरते. आज मी सहली नेणाऱ्या एका गाडीची व्यवस्था बघते. माझ्या गाडीत 'आत्ता निघू' चालत नाही, सहा म्हणजे सहा. प्रवासी कुरकुर करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच गाडीचं विचारतात. मधल्या महिन्यांत मी साहेबांच्या ओसरीवर नव्या मुलांना पहिला महिना शिकवते, म्हणजे फक्त वेळेचे शब्द. साहेब आता निवृत्त आहेत. खुर्चीत बसून ऐकतात, आणि माझं चुकलं की खोकतात. या लेखासाठी समितीनं मला 'बाय द टेन्थ' सांगितलं होतं. तो मी चौदाला दिला, हे छापण्याआधी तपासताना जोडते आहे. फळ्यावर माझ्या नावाखाली 'लेट बाय फोर डेज' लिहिलेलं आहे आणि समितीच्या सभेला आलेल्या सगळ्या मान्यवरांनी ते वाचलेलं आहे. हा ग्रंथ हातात आल्याशिवाय ती ओळ पुसायची नाही असं ठरलं आहे.

गौरव समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पुढची सहल निघते. या वेळी गाडीत आई आहे. मंठ्याच्या बाहेर लग्नाकार्याशिवाय ती कधी गेलेली नाही. समुद्र बघायचा म्हणते. परवा ती साहेबांकडं गेली आणि म्हणाली, "भाऊ, मला बी लिहावं लागंल का?" इतक्या वर्षांत साहेबांना ती पहिल्यांदाच भाऊ म्हणाली. साहेब म्हणाले, "कायदा सगळ्यांना सारखा हाय, ताई." तेव्हापासून आई घरी खिचडीच्या पातेल्याच्या बुडावर ओल्या बोटानं गिरवते आहे: कमल, समुद्र, बॅक इन एट डेज. 'समुद्र' मराठीतच ठेवायला साहेबांनी परवानगी दिली आहे.

साहेब, तुम्हाला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, चष्म्याचा नंबर आहे तिथंच राहो, ही तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांची प्रार्थना आहे. त्याचा आकडा मी लिहीत नाही, कारण यात मला 'बाय'ही लावायचं नाही आणि 'टिल'ही. माझं मागणं नवव्या दिवसापुरतं आहे. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं उतरू. आई सरळ ओसरीवर येईल आणि फडकं हातात घेईल. तेव्हा तुम्ही खुर्चीत असा, घड्याळाकडं बघा, आणि पहिल्या दिवशी मला म्हणालात तसं तिलाही 'बराबर' म्हणा. त्यानंतर आम्ही पुन्हा कुठंतरी जाऊ, पुन्हा लिहू, पुन्हा पुसायला येऊ. प्रत्येक वेळी तुम्ही तिथं असा.